पानाचे द्वारपाल

वैशाखांतल्या दुपारीं परसांतील भोपळ्याच्या वेलाकडे पाहवत नाहीं. सकाळीं छत्र्यांसारखीं उघडलेलीं पानें बारा वाजतां पिळलेल्या फडक्यासारखीं लोंबूं लागतात. घरांतील एखादी सूनबाई कळवळून कळशी उचलते, तों माजघरांतून सासूबाईंचा आवाज येतो, “अग, राहूं दे. उन्हें कललीं कीं उठेल तो आपला आपण.” आणि मातींत ओल असली तर दिवेलागणीला वेल खरोखरच उठून बसतो. मुळांपाशीं पाणी होतें. परंतु पानें जितकें पाणी हवेंत उधळीत होतीं तितकें वर चढविणें मुळांच्या आवांक्यांत नव्हतें. ऊन उतरलें, उधळपट्टी थांबली, जमाखर्चाची तोंडमिळवणी झाली.

पण मातींतच ओल नसेल तर? मग ही उधळपट्टी कोणीं तरी आवरली पाहिजे. नाहीं तर चार दिवसांत वेलाचा कोळ होईल. आटपाडीकडील एका वाचक भगिनीनें आम्हांस नेमकें हेंच विचारिलें आहे. झाडाला मेंदू नाहीं, मज्जातंतू नाहींत. मग मुळाशीं पाणी आटल्याचें शेंड्याच्या पानाला कळतें कसें, आणि कळल्यावर तें करतें तरी काय? प्रश्न एका ओळीचा आहे. त्याचें उत्तर मिळविण्यांत शास्त्रज्ञांचीं पन्नासांवर वर्षें गेलीं, आणि तें अजून पुरतें हातीं आलेलें नाहीं. जेवढें आलें आहे तेवढें आज सांगावें असा विचार आहे.

संस्कृतांत झाडास ‘पादप’ म्हणतात. पायांनीं पितो तो पादप. महाभारताच्या शांतिपर्वांत भृगु ऋषि भरद्वाजास समजावून सांगतात कीं वृक्षांसहि इंद्रियें आहेत, आणि कमळाच्या पोकळ देठानें आपण पाणी ओढून घ्यावें तसे वृक्ष पायांनीं पाणी पितात. हा भाग आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविला आहे. त्यावरून आमच्या पूर्वजांस पानांवरचीं सूक्ष्म छिद्रें ठाऊक होतीं असा डांगोरा पिटणारे कांहीं विद्वान आहेत. त्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाहीं. भृगूचें तें बोलणें म्हणजे उघड्या डोळ्यांनीं पाहून बांधलेलें अनुमान आहे, आणि अनुमान म्हणून तें सुंदर आहे. परंतु पायांनीं प्यालेलें पाणी पुढें जातें कोठें, हा प्रश्न त्यांत नाहीं. तें जवळजवळ सगळें हवेंत जातें. मुळांनीं शंभर तांबे पाणी ओढलें तर पंचाण्णवांहून अधिक तांबे पानांवाटे वाफ होऊन उडून जातात. झाडाच्या अंगीं लागतें तें उरलेलें दोन-चार तांबे.

हें पाणी पानाच्या साऱ्या अंगांतून घामासारखें पाझरतें असें मात्र नाहीं. पानाच्या त्वचेवर मेणाचा पातळ लेप असतो आणि तो पाण्यास चांगला अडवितो. पाणी निसटतें तें पर्णरंध्रांतून. पानाच्या खालच्या बाजूस, राईच्या बारीक दाण्याएवढ्या जागेंत, म्हणजे एका चौरस मिलिमीटरांत, सामान्यतः १०० ते ३०० रंध्रें असतात. तीं सगळीं उघडलीं तरी त्यांचें एकंदर क्षेत्र पानाच्या शेंकडा एक-दोन भागांहून अधिक भरत नाहीं. आणि तरी बहुतेक सारें पाणी त्याच एक-दोन भागांतून जातें.

मग झाड हीं दारें कायमचीं लावूनच कां घेत नाहीं? कारण अन्नहि त्याच दारानें आंत येतें. हवेंतील कार्बन डायऑक्साइड रंध्रांतून आंत शिरतो, आणि त्याच्यापासून पान उन्हाच्या बळावर साखर करतें. पण वायु आंत यावा म्हणून दार उघडावें, तों आंतली ओल बाहेर पळते. गहू-भातासारख्या वनस्पतींना या वायूचा एक कण पदरांत पाडून घेण्यासाठीं पाण्याचे सुमारें ४०० कण गमवावे लागतात. ज्वारी, मका आणि ऊंस यांची घडण निराळी. त्यांचें काम १५० कणांच्या आसपास भागतें. (ऊंस पाणी फार पितो ही ओरड खोटी नाहीं, पण तो पितो फार तो बारा-चौदा महिने शेतांत उभा राहतो म्हणून. त्याच्या पानास उधळें म्हणणें अन्यायाचें होईल.) माळावरचा निवडुंग ५० कणांत भागवितो, कारण तो दिवसा दारें लावून बसतो आणि रात्रीं, गार हवेंत, उघडतो. परंतु निवडुंगाची वाढ किती मंद असते तें सर्वांस ठाऊक आहे. दार उघडें ठेवावें तर तहानेनें मरण, लावावें तर उपासानें, असा हा पेंच आहे, आणि तो प्रत्येक पानास दिवसांतून अनेकदां सोडवावा लागतो.

हा पेंच आमच्या मुलखास अनोळखी नाहीं. कराडास कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, दोन्ही तीरांस ऊंस डोलतो, आणि पाहुण्यांस वाटतें कीं येथें पाण्याची कसली वाण! पण येथून पूर्वेस निघावें. खटाव, माण, आटपाडी असें जसजसें जावें तसतसा माळ उघडा पडत जातो. महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. माणदेशांत पांचशें पडला तर वर्ष बरें गेलें म्हणावयाचें. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडावयास गेलेलीं माणसें त्या भागांत अजून भेटतात, आणि २०१२-१३ सालच्या चारा-छावण्या तर त्या वेळच्या शाळकरी मुलांनींहि पाहिल्या आहेत. आतां कराडजवळच्या टेंभूस, म्हणजे गोपाळ गणेश आगरकरांच्या जन्मगांवीं, कृष्णेवर बंधारा झाला आहे. तेथून पाणी टप्प्याटप्प्यानें उपसून आटपाडी-सांगोल्याकडे नेण्याची योजना १९९६ सालीं हातीं घेण्यांत आली. तेथें पंप लागतात, वीज लागते, आणि पाणी कोणास केव्हां सोडावयाचें यावरून बैठका आणि भांडणें होतात. पानावर दर चौरस मिलिमीटरास शेंदोनशें दरवाजे असून तेथें बैठक होत नाहीं. तेथें प्रत्येक दारावर दोन दोन द्वारपाल बसविलेले आहेत, आणि दार म्हणजे त्या दोघांमधली फटच.

यांस रक्षकपेशी म्हणतात. घेवड्याचे दोन दाणे पोटाकडून एकमेकांस टेंकवावे तशा त्या दिसतात. (ज्वारी-उंसाच्या पानांत त्या डमरूच्या घाटाच्या असतात.) आंतल्या, म्हणजे फटीकडच्या बाजूस त्यांची भिंत जाड असते, आणि भिंतींतले धागे पेशीस आडवे वळसे घालून बसलेले असतात. त्यामुळें पेशींत पाणी भरलें कीं ती जाडीनें फुगत नाहीं, धनुष्यासारखी वांकते. दोन्ही पेशी वांकल्या कीं मधली फट उघडते. पाणी ओसरून त्या शिथिल झाल्या कीं फट मिटते. यांत गूढ कांहीं नाहीं. कैरीच्या फोडींस मीठ लावलें कीं पाणी सुटतें हें घरोघरीं माहीत आहे. जिकडे क्षार अधिक तिकडे पाणी धांवतें. सकाळीं उजेड पडला कीं रक्षकपेशी आपल्यांतील हायड्रोजनचे भारित कण बाहेर ढकलूं लागतात, त्यांच्या जागीं पोटॅशियम आंत येतें, त्यामागोमाग क्लोराइड, आणि क्षार आंत गेले म्हणून पाणी आंत. दार उघडलें. दार लावावयाचें तर हाच संसार उलटा चालवावयाचा: क्षारांना बाहेर घालवावयाचें, कीं पाणी आपण होऊन निघतें.

आतां घालवावयाचें केव्हां, हें सांगणारें जें द्रव्य तें या कथेंतील मुख्य पात्र. त्याचें नांव अ‍ॅब्सिसिक आम्ल, आणि तें नांव मोठें फसवें आहे. १९६३ सालीं कॅलिफोर्नियांत अ‍ॅडिकॉट, ओकुमा आणि त्यांचे सहकारी कपाशीचीं कोंवळीं बोंडें अकालीं कां गळतात याचा छडा लावीत होते. बोंडांत त्यांना एक द्रव्य सांपडलें. गळतीचें कारण तेंच असावें असें धरून ‘गळणें’ या अर्थाच्या शब्दावरून पुढें त्याचें नामकरण झालें. त्याच सुमारास ब्रिटनमध्यें वेअरिंग यांच्या हातीं झाडांच्या कळ्यांना निजविणारें एक द्रव्य आलें होतें. १९६५ सालीं कॉर्नफोर्थ प्रभृतींनीं दाखविलें कीं दोन्ही द्रव्यें एकच. पुढें असें निघालें कीं गळतीचा खरा कर्ता बहुतेक ठिकाणीं इथिलीन नांवाचा वायु आहे. तोंपर्यंत बारसें होऊन गेलें होतें, आणि तें नांव आजतागायत चालू आहे.

या द्रव्याचीं खरीं कामें दोन. बियांना आईच्या कुशींत असतांना मोड येऊं न देण्यांत त्याचा मोठा वाटा आहे. (उपटी भुईमुगास ही झोंप जवळजवळ नसतेच; म्हणून काढणीच्या वेळीं पाऊस लागला कीं शेंगा जमिनींतच उगवतात आणि शेतकरी डोक्यास हात लावतो.) दुसरें काम पानावरचें. १९६९ सालीं आढळलें कीं गव्हाचें पान कोमेजूं लागलें कीं त्यांतील या आम्लाचें प्रमाण कित्येक पटींनीं वाढतें, आणि हें आम्ल बाहेरून पानास दिलें तर रंध्रें मिटतात. टोमॅटोचा एक विकृत वाण त्या वेळीं माहीत होता. भरपूर पाणी घातलें तरी तो सदा मलूल. त्याचीं रंध्रें रात्रींदेखील मिटत नसत. इस्राएलांतील संशोधकांनीं त्याच्यावर हें आम्ल फवारलें, आणि तें झाड चारचौघांसारखें ताठ उभें राहिलें. तो वृत्तांत १९७० सालीं प्रसिद्ध झाला. त्या टोमॅटोस पाण्याची ददात नव्हती, मुळांचीहि नव्हती. ‘पुरे’ म्हणणारें द्रव्य तेवढें त्याच्या घरांत तयार होत नव्हतें.

परंतु येथें प्रश्न संपला नाहीं, सुरू झाला. आम्ल म्हणजे कांहीं हात नव्हे कीं तें पोटॅशियमचें बखोट धरून त्यास बाहेर काढील. तें निरोप घेऊन पेशीच्या दारीं आलें. आंत हा निरोप कोणीं फिरविला? तो फिरविणाऱ्यांत कॅल्शियम आहे. कॅल्शियमच कां, हें समजावयास थोडें मागें जावें लागेल.

पेशीच्या अंगांतील सारा व्यवहार फॉस्फेटावर चालतो, आणि कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र आलीं कीं घट्ट सांका बसतो. आपलीं हाडें आणि दांत त्याच सांक्याचे. पेशीच्या रसांत तसा सांका बसणें म्हणजे चुलींत पाणी पडणें. म्हणून प्रत्येक जिवंत पेशी कॅल्शियमला निरंतर बाहेर घालवीत असते, किंवा आंतल्या कोठींत कोंडून ठेवीत असते. परिणामीं पेशीबाहेरच्या ओलींत तें आंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पट असतें. आतां एवढ्या दाबाखालीं असलेल्या कॅल्शियमला पेशीच्या पडद्यांतील एखादी दिंडी क्षणभर उघडून दिली तर काय होईल? आंत त्याची एकदम गर्दी उसळेल. ज्या घरांत सदा गलबला त्या घरांत घंटा वाजली तर कोणी ऐकत नाहीं. जें घर निःशब्द, तेथें भांडें पडलें तरी सगळे उठतात. पेशीनें कॅल्शियमला प्रथम जीव वांचविण्यासाठीं बाहेर ठेविलें. मग त्या शांततेचाच उपयोग घंटेसाठीं झाला.

हें केवळ तर्कानें ठरलेलें नाहीं. १९९० सालीं मॅकएन्श, ब्राउनली आणि हेदरिंग्टन या तिघांनीं रक्षकपेशींत कॅल्शियम दाखविणारा रंग सुईनें भरला, आम्ल घातलें, आणि पाहिलें. आधीं कॅल्शियम चढलें, मग दार मिटलें. त्यांनीं निवडलेली वनस्पति कोणती म्हणाल तर आमच्या शेतांत पावसाळ्यांत माजणाऱ्या केन्याची सख्खी बहीण. निळ्या फुलांच्या ज्या केन्याची आमच्याकडे श्रावणांत भाजी होते आणि जो खुरपतां खुरपतां बायकांचे हात दुखतात, त्याच्याच प्रजातींतील. केन्याच्या पानाची खालची साल अखंड निघते आणि रक्षकपेशी मोठ्या असतात, हा त्याचा गुण.

दिंड्यांचा पत्ता लागण्यास मात्र आणखी दहा वर्षें लागलीं. त्यासाठीं कांचेच्या नळीचें केंसाहून कितीतरी बारीक टोंक पेशीच्या पडद्यास चिकटवून एकेका दिंडीतून जाणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजतात. ही युक्ति जर्मनींतील नेहर आणि साकमान यांची, आणि तिच्याबद्दल त्यांना १९९१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या युक्तीनें कॅलिफोर्नियांत श्रोडर यांच्या प्रयोगशाळेंतील पे प्रभृतींनीं २००० सालीं एक चमत्कारिक गोष्ट दाखविली. आम्ल आलें कीं रक्षकपेशी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, तेंच, जें जखम धुण्यासाठीं दवाखान्यांत फेंसाळतें. आणि त्या पेरॉक्साइडच्या योगानें कॅल्शियमच्या दिंड्या उघडतात. जें द्रव्य जंतूंस मारतें तेंच येथें चिमूटभर घेऊन निरोपाच्या कामीं लावलें आहे.

मधल्या एका दुव्याचा शोध २००९ सालीं लागला. आम्ल पेशींत नेमकें कोणास भेटतें? अमेरिकेंत कटलर आणि जर्मनींत ग्रिल यांच्या मंडळींनीं एकाच वेळीं उत्तर दिलें. त्यांनीं वर्णिलेली व्यवस्था मोठी गमतीची आहे. पेशींत एक हूड मूल आहे असें समजा. तें सुटलें कीं दिसेल त्या दाराच्या कड्या काढीत सुटतें. एरवीं एक मामा त्याचा हात घट्ट धरून बसलेला असतो. आम्ल हें पाहुण्यासारखें येतें आणि एका यजमानाच्या ओटींत जाऊन बसतें. यजमान त्यामुळें असा वळतो कीं तो मामासच मिठी मारतो. मामाचे हात अडकले कीं मूल सुटलें. हा मुलगा, हा मामा आणि हा यजमान सारीं प्रथिनें आहेत, आणि त्यांचीं शास्त्रीय नांवें म्हणजे नुसतीं अक्षरें व आंकडे. तीं सांगून वाचकांस शिणविण्यांत अर्थ नाहीं. सुटलेलें मूल क्लोराइडच्या वाटा उघडतें, पेरॉक्साइड करविणाऱ्यास चिमटा काढतें. त्यायोगें कॅल्शियम आंत येतें. कॅल्शियम पोटॅशियमची आंत येण्याची वाट बंद करतें, हायड्रोजन ढकलणारा पंप मंद करतें, आणि क्लोराइडच्या वाटा आणखी रुंदावितें. क्लोराइड निघालें, पाठोपाठ पोटॅशियम, पाठोपाठ पाणी. मिनिटांच्या हिशेबांत दार मिटतें.

आमची नात कराडांतच वनस्पतिशास्त्र शिकते. हा लेख तिला वाचून दाखविला तेव्हां ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही कॅल्शियमला एकट्यालाच नायक केलेंत. आम्ल नसतांनाहि रक्षकपेशींत कॅल्शियम अधूनमधून चढतें-उतरतें; तेवढ्यानें दार लागत नाहीं. आणि कॅल्शियम अडवून धरलें तरी दार थोडें मिटतेंच.” तिचें म्हणणें रास्त आहे. आम्ल केवळ दिंडी उघडीत नाहीं. कॅल्शियमची हांक ऐकण्यास पेशीचे कानहि तेंच तयार करतें. आणि हूड मूल कॅल्शियमवांचूनहि कांहीं कड्या काढतेंच. निरोप एका वाटेनें गेला नाहीं तर दुसऱ्या वाटेनें जावा, अशी ही दुहेरी तजवीज आहे.

पण आमच्यासारख्या जन्मभर वृत्तें शिकविलेल्या माणसास जें सर्वांत मोहक वाटतें तें निराळेंच. मोहरीच्या कुळांतील एका क्षुद्र तणावर २००१ सालीं प्रयोग झाले. रक्षकपेशींतील कॅल्शियम मुद्दाम ठराविक अंतरानें चढविण्यांत आणि उतरविण्यांत आलें. असें दिसलें कीं कॅल्शियम एकदां चढलें कीं दार तेवढ्यापुरतें मिटतें; परंतु पुढें तें किती वेळ मिटलेलें राहावें हें लहरी किती, प्रत्येक लहर केवढी लांब आणि दोहोंमध्यें अंतर किती, यावर ठरतें. या तणाचा एक विकृत वाण आहे. कांहीं इशाऱ्यांना उत्तर देतांना त्याच्या पेशींत कॅल्शियम लहरींनीं न येतां एकदम चढून तसेंच राहतें, आणि दार नीट मिटत नाहीं. बाहेरून लहरी पुरविल्या कीं मिटतें. गुरु-लघूंची मांडणी बदलली कीं शिखरिणी जाऊन मंदाक्रांता येते. पेशी मात्रा मोजते असें म्हटलें तर शास्त्रज्ञ हंसतील, पण त्यांच्या आलेखांवरून आम्हांस तरी तसेंच दिसतें.

आटपाडीच्या भगिनीचा मूळ प्रश्न, मुळाचें दुःख पानास कळतें कसें, अजून उरलाच आहे. फार दिवस अशी समजूत होती कीं आम्ल मुळांतच तयार होतें आणि रसाबरोबर वर चढतें. मग टोमॅटोच्या त्या मलूल वाणाचीं मुळें आणि चांगल्या वाणाचा शेंडा अशीं कलमें बांधण्यांत आलीं. मुळें आम्ल करण्यास असमर्थ, तरी वरचीं पानें कोरड्या मातींत दारें मिटतच होतीं. म्हणजे आम्ल मुख्यतः पानांतच, त्याची ताठरता ढळतांच, तयार होतें. मग मुळांनीं गप्प बसावें काय? तसेंहि नाहीं. २०१८ सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें कीं मुळें तहानेलीं झालीं कीं एक इवलासा प्रथिनखंड वर पाठवितात, आणि तो पोंचला कीं पान आम्ल करूं लागतें. मूळ चिठ्ठी धाडतें; हुकूम पान काढतें.

रब्बीची मालदांडी ज्वारी पाहिली म्हणजे हें सारें डोळ्यांपुढें येतें. मोहोळच्या संशोधन केंद्रांत तिच्यांतून निवडलेला ३५-१ हा वाण माणदेशापासून सोलापुरापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पेरला जातो. पेरणीनंतर पाऊस बहुधा नाहींच. काळ्या जमिनींत जी ओल मुरली तेवढ्या शिदोरीवर माघापर्यंत काढावयाचें. रंध्रें सैल ठेवून पौषांतच शिदोरी संपविली तर कणसांत दाणा भरत नाहीं. भीतीनें फार लौकर मिटलीं तर दाणा भरण्यास लागणारी साखर होत नाहीं. शिवाय मिटलेलें पान तापतें, कारण वाफेबरोबर उष्णताहि जात असते. कणीस आणि कडबा दोन्ही या मेळावर अवलंबून, आणि कडब्यावर गोठा. बारामतीजवळ माळेगांवास २००९ सालीं केंद्र सरकारची एक संशोधनसंस्था निघाली आहे. पाण्याचा ताण, उष्णता, खारी जमीन असल्या संकटांचा पिकांच्या दृष्टीनें अभ्यास करणें हेंच तिचें काम आहे.

तासगांवच्या द्राक्षबागाईतदारांस रंध्रांची ओळख निराळ्या वाटेनें आहे. द्राक्षाच्या पानास रंध्रें फक्त खालच्या अंगास असतात, आणि केवडा रोगाचे बीजाणु पाण्याच्या थेंबांतून पोहत येऊन त्याच दारांनीं घरांत शिरतात. म्हणून बोर्डो मिश्रण पानाच्या खालून बसलें पाहिजे असा अनुभवी बागाईतदारांचा आग्रह असतो. झाडहि अगदींच बेसावध नसतें. जंतूची चाहूल लागली तरी रक्षकपेशी कॅल्शियमचीच घंटा वाजवून दार ओढतात. मात्र २०२० सालीं असें आढळलें कीं मोहरीकुळांतील त्या तणांत चोराच्या चाहुलीनें उघडणारी कॅल्शियमची दिंडी तहानेच्या दिंडीहून वेगळी आहे. घंटा तीच, दोर निराळे.

येथें एक सांगितलें पाहिजे. कॅल्शियमनें दार लागतें असें ऐकून कोणी पानांवर चुन्याचें पाणी मारावयास निघेल, तर तें व्यर्थ आहे. पानांत बाहेरून कॅल्शियमची वाण नसतेच; प्रश्न दिंडी उघडण्याचा आहे. तसेंच ‘दुष्काळावर रामबाण’ म्हणून संप्रेरकांच्या नांवानें ज्या बाटल्या विकावयास येतात त्यांच्याकडे आम्ही तरी संशयानेंच पाहतों. रंध्रें मिटविणारें औषध पाणी वांचवील, पण त्याच घटकेला पानाचा उपास सुरू होईल, हें बाटलीवर छापलेलें नसतें. खरें आम्ल उन्हांत लौकर निकामी होतें आणि झाडहि त्यास झटपट मोडून टाकतें. त्यासाठीं कटलर यांच्या मंडळींनीं २०१५ सालीं एक वेगळीच युक्ति केली. द्राक्षाच्या केवड्यावर आणि बटाट्या-टोमॅटोच्या करप्यावर मँडिप्रोपामिड नांवाचें औषध फवारतात. त्यांनीं झाडांतील तो मघांचा ‘यजमान’ असा बदलला कीं आम्लाऐवजीं हें औषध ओटींत बसलें तरी तो मामास मिठी मारील. असे बदललेले टोमॅटो औषध फवारतांच दारें लावूं लागले आणि कोरड्यांत तग धरूं लागले. दार केव्हां लावावयाचें हें तेथें झाडाऐवजीं शेतकरी ठरवील. त्याला तें झाडापेक्षां बरें ठरवितां येईल काय, याविषयीं आम्हांस शंका आहे. पण हवामानाचा अंदाज हातीं असलेल्या माणसास झाडास न दिसणारा पुढचा आठवडा दिसतो, हेंहि खरें.

मुलांना हे द्वारपाल प्रत्यक्ष दाखवावयाचे असतील तर श्रावणांत केन्याचें टवटवीत पान सकाळीं ऊन लागल्यावर आणावें. पान मोडून खालच्या अंगाची साल हळूच ओढावी. ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघते. तिचा तुकडा कांचपट्टीवर पाण्याच्या थेंबांत ठेवून शाळेंतील सूक्ष्मदर्शकाखालीं धरावा. घेवड्याच्या दाण्यांच्या जोड्या आणि मधल्या फटी दिसतील. मग पट्टीच्या एका कडेस मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेस टिपकागद लावावा, म्हणजे मीठ आंत ओढलें जाईल, आणि फटी पाहतां पाहतां मिटतील. यांत आम्ल नाहीं कीं कॅल्शियमची घंटा नाहीं, केवळ पाण्याची ये-जा आहे, हें मुलांस आधींच सांगावें. साध्या पाण्यानें मीठ लगेच धुतलें तर बऱ्याच पेशी पुन्हां फुगतात. फार वेळ मिठांत राहिल्या तर मात्र उठत नाहींत.